अंतिम सामन्याची बारा अंडी

आमच्या घरात अंडं येत नसे. बँकेच्या बदल्यांपायी वडिलांनी आम्हाला चार राज्यं हिंडवली, पण आईचं स्वयंपाकघर कुठेही गेलं तरी सोवळंच राहिलं. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये तीन बाजूंच्या बंगाली शेजाऱ्यांकडून माशाचा वास येई, तरी ती बधली नाही.

मी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तीन वर्षं होते आणि तिन्ही वर्षं बाकावर होते. पाण्याच्या बाटल्या माझ्याइतक्या नीट कुणीच सांभाळल्या नसतील. शेवटच्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलो आणि त्याच आठवड्यात वडिलांची नागपूरला बदली झाली. म्हणजे खेळायला मिळालं तर आता, नाहीतर कधीच नाही. त्यात आई पहिल्यांदाच सामना बघायला येणार होती. तिने मला एकदा तरी बाटल्यांशिवाय बघावं, एवढंच मला हवं होतं.

आमच्या संघाच्या सरांनी मागे पालकांना सांगितलं होतं की मुलींना प्रोटीन कमी पडतं. ते आईच्या डोक्यात बसलं. एरवी प्रत्येक परीक्षेला माझ्या हातावर दही-साखर ठेवणारी बाई नेमकी त्या दिवशी आधुनिक झाली. मी सरावासाठी लवकर निघून गेल्यावर तिने नवं पातेलं आणलं, बाल्कनीत इंडक्शनची शेगडी मांडली, नाकाला ओढणी लावली आणि बारा अंडी चांगली अर्धा तास उकडली. कच्ची राहायला नकोत म्हणून.

सामन्याआधी तिने कौतुकाने डबा उघडला आणि सगळ्या मुली साप निघाल्यासारख्या मागे सरकल्या.

"काकीमा, आज डिम नहीं!" कर्णधार किंचाळली.

इकडे परीक्षेला किंवा सामन्याला जाताना कुणी डिम, म्हणजे अंडं, खात नाही, कारण अंडं म्हणजे शून्य. दही चालतं, दह्याचा तर कपाळाला टिळा लावतात. मला हे ठाऊक होतं, पण आमच्या घरात अंड्याचा विषय निघणार कधी आणि मी सांगणार कधी?

"अगं, पण सरच म्हणाले होते ना?" आई मला म्हणाली. सर भौतिकशास्त्र शिकवायचे. ते डब्याकडे न बघता म्हणाले, "मी नाही मानत असलं. पण मॅचच्या दिवशी कशाला?"

मला सगळ्यांचा राग आला. थोडा आईचाही आला. इतकी वर्षं सोवळं सांभाळलंस, आणखी एक दिवस जड झाला होता? पण साबणाने घासघासून तिची बोटं लाल झालेली दिसली आणि मी एक अंडं उचलून सर्वांसमोर खाल्लं. माझंही ते पहिलंच. खडू बरा लागला असता.

त्यानंतर मला बाकाच्या पार टोकाला बसवण्यात आलं. बाटल्यासुद्धा काढून घेतल्या.

बाकावर आम्ही तिघी होतो. शेवटच्या डावात पाच फाऊल होऊन एक बाहेर आली, पहिली राखीव आत गेली. एकीचा पाय मुरगळला, दुसरी गेली. दोन मिनिटं उरली असताना कर्णधारच पाचव्या फाऊलवर बाहेर आली. आम्ही एका गुणाने मागे होतो. सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकावर मीच होते. त्यांनी डोळे मिटून मला जायला सांगितलं.

माझ्या हातात चेंडू दोनदा आला. पहिल्यांदा मी तो प्रतिस्पर्धी मुलीला अदबीने दिला. दुसऱ्यांदा शेवटचे काही सेकंद होते, म्हणून मी तो सरळ फेकला. चेंडू कडीला लागला आणि कडीवरून एक फेरी मारून बाहेर पडला. त्या शांततेत एकटी आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. कडीला लागला म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं.

आम्ही एका गुणाने हरलो. माझ्या नावापुढे शून्य.

सगळं कळल्यावर आई पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली. "माझ्यामुळेच," एवढंच म्हणत राहिली. तेवढ्यात रडून नाक लाल झालेली कर्णधार तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिने हात पुढे केला.

"काकीमा, अब दीजिए. अब क्या डर?"

मग सगळ्याच आल्या. आई एकेक अंडं सोलून, मीठ-मिरी लावून देत होती, आणि सरांनी दोन खाल्ली. अशी उरलेली अकराही संपली.

घरी वडिलांनी विचारलं, "काय झालं गं?"

"हरल्या एका गुणाने," आई म्हणाली. "पण शेवटची दोन मिनिटं हीच खेळली. मी पाहिलं."

मग तिने ते पातेलं घासलं, बाल्कनीच्या दारापर्यंत नेलं, तिथे जरा थांबली आणि परत येऊन नागपूरच्या खोक्यात आपल्या बाकीच्या भांड्यांमध्ये ठेवून दिलं.