हावऱ्या जेवत नाही

पहाटेचे चार चाळीस. डेअरीच्या धक्क्याला पहिला ट्रक पाठ लावून उभा राहिला होता आणि नाकोबांनी पहिल्या कॅनचं झाकण उचलून उलटं नाकाशी धरलंही होतं. एक छोटा श्वास, मग "जाऊ दे" किंवा "बाजूला", की पुढचा कॅन. दूध टाकीत ओतण्याआधीची ही पहिली तपासणी. प्रयोगशाळेतली तपासणी नंतर होते, पण तोवर एखादा आंबलेला कॅन आत गेला तर सगळी टाकी हातची जाते. म्हणून धक्क्यावर माणूस लागतो आणि त्या माणसाला नाक लागतं.

नोकरीला लागल्यापासून ते नाक त्यांचंच होतं. नाकोबा हे नावही धक्क्यानेच दिलेलं. गाईने कुरणात रानलसूण खाल्ली असली तरी ते झाकणावरून सांगत. या नाकापायी त्यांनी तंबाखूला कधी हात लावला नाही, वासाचं तेल लावलं नाही, आणि मुलीच्या लग्नातही सेंट लावून घेतला नाही, कारण दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती.

त्या पहाटे एकही कॅन बाजूला निघाला नाही. आदल्या दिवशीही नाही, त्याच्या आदल्या आठवड्यातही नाही.

"दूधवाले सुधारले बघा," ते प्रयोगशाळेच्या बाईंना म्हणाले.

"सुधारले? मग परवा टाकी का नासली हो?"

"ते मिस्त्रींना विचारा."

टाकी नासल्याचं खापर थंड करणाऱ्या मशीनवर, म्हणजे ते सांभाळणाऱ्या मिस्त्रींवर फुटलं होतं. मशीन ठणठणीत आहे असं ते जीव तोडून सांगत राहिले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरीकडे काम बघा.

नाकोबांच्या डोक्यात मात्र त्या पहाटे ना मिस्त्री होते ना टाकी. डोक्यात कुत्रं होतं.

मुलगी बाळंत झाली तेव्हा त्यांची बायको तिच्याकडे राहायला गेली आणि मुलीचं वर्षाच्या आतलं कुत्रं इकडे आलं. नातवंडाचं तोंड बघायला बायको आणि पिसवा काढायला आपण, असा हिशेब नाकोबांनी हसत मान्य केला होता. कुत्र्याचं नाव हावऱ्या. जे दिसेल ते गट्टम करतो म्हणून मुलीने हौसेने ठेवलेलं. इथे आल्यापासून हावऱ्याने नावाला बट्टा लावला होता. भांड्यात उकडलेली कोंबडी आणि भात वाढला की तो दोन पावलं पुढे यायचा, मान लांब करायचा, शिंकायचा आणि मागे सरकून भिंतीला टेकून बसायचा.

बरं, नुसता उपास केला असता तर एक वेळ चाललं असतं. बागेत फिरायला नेलं की तो दुसऱ्या कुत्र्यांची घाण शोधून शोधून खायचा. गटाराच्या कडेचं काहीतरी ओलं चाटायचा. घरी येऊन सतरंजीवर ओकायचा आणि नाकोबा फडकं आणेपर्यंत ओकलेलं पुन्हा खाऊन मोकळा व्हायचा. एकदा त्याने मोज्याचा अंगठ्याकडचा भाग गिळला आणि बाकीचा मोजा नीट चपलेत ठेवला.

"तुमच्या हातचं मलाही जात नाही, त्या मुक्या जिवाचं काय घेऊन बसलात!" बायको फोनवर म्हणाली.

"अगं, कोंबडी उकडायची तर आहे. त्यात हात कसला आलाय?"

मागून मुलीचा आवाज आला. "बाबा, इथे तर भांडं चाटूनपुसून लख्ख करायचा. डॉक्टरांकडे न्या. आणि कशात वाढता ते भांडंही दाखवा."

भांड्याचं नाव काढल्यावर नाकोबांना थोडा राग आला. त्यांच्याइतकं स्वच्छ भांडं गावात कोणाकडे नसेल. डेअरीत कॅन धुतात तसं ते रोज ब्लीचच्या पाण्यात बुडवत. ब्लीच किती घालायचं? वास येईपर्यंत. खळबळायचं किती? वास जाईपर्यंत. हे माप त्यांनी कितीतरी जणांना शिकवलं होतं. हल्लीचं ब्लीच पातळ येतं, म्हणून दोन-तीन झाकणं जास्त लागत, एवढंच.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि तोंडाने सडेतोड होत्या. त्यांनी हावऱ्याचं पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, वजन केलं.

"काही झालेलं नाही. उपाशी आहे हो हा. पोटात काही नसेल तर कुत्रं मिळेल ते खाणारच. भांडं आणलंय?"

नाकोबांनी पिशवी पुढे केली. बाईंनी ती उघडली आणि मान झटकन बाजूला वळवली. डोळ्यांत पाणी आलं.

"अहो काका, यात कुत्र्याला जेवण वाढता की संडास धुता?"

"स्वच्छ धुतलंय ते."

"स्वच्छ? दारातून वास येतोय! तुम्हाला नाही येत?"

नाकोबांनी भांडं सवयीने उलटं करून नाकाशी धरलं. एक छोटा श्वास. काही नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पिरिटची बाटली उघडून त्यांच्या नाकाखाली धरली.

"हे?"

"पाणी आहे का?"

बाईंनी बाटली बंद केली. "काका, कुत्र्याची चिंता सोडा. तुम्ही नाकाच्या डॉक्टरांकडे जा."

परत येताना कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यापाशी ते थांबले. डबा ओसंडून वाहत होता आणि हावऱ्या पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर उभा राहिला होता. नाकोबांनी डब्याचं झाकण उचललं, उलटं केलं आणि नाकाशी धरलं. समोरून येणारी एक बाई त्यांच्याकडे बघत रस्ता ओलांडून पलीकडे गेली. त्यांनी दुसरा श्वास घेतला, तिसराही घेतला. थंडीत महिनाभर सर्दी होती. गेली, असं त्यांनीच ठरवलं होतं.

म्हणजे दूधवाले सुधारले नव्हते. आणि मिस्त्रींचं मशीन बिघडलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातली न वापरलेली स्टीलची ताटली काढली, तीत कोंबडी आणि भात वाढला. हावऱ्याने शिंक दिली नाही. ताटली संपली तरी तो ती स्वयंपाकघरभर ढकलत चाटत राहिला, शेवटी ती फ्रीजला जाऊन अडली. नाकोबा जमिनीवर बसून हे बघत होते. त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"आता?" बायकोने फोनवर सगळं ऐकून विचारलं.

"प्रयोगशाळेच्या बाईंना सांगावं लागेल."

"सर्दी झालीय म्हणून रजा टाका ना. तोवर औषधाने येईल नाक. धक्क्यावरून काढलं म्हणजे?"

"आणि मिस्त्री?"

ती म्हणाली, "सांगा. आणि ते ब्लीच मोरीत ओता. नको, ओतू नका, नुसतं झाकण लावून ठेवा. सांडलं तरी कळायचं नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी पहिला ट्रक लागण्याआधी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले.

"बाई, झाकणं आज तुम्ही बघा. माझं नाक गेलंय."

"कधीपासून?"

"कुत्रं आलं त्याच्या आधीपासून असणार. नक्की मलाही माहीत नाही. टाकी माझ्यामुळे नासली, साहेबांना मी स्वतः सांगतो."

बाई धक्क्यावर आल्या. चौथ्या झाकणाला त्यांचं तोंड वाकडं झालं. "बाजूला." नाकोबांनी तेच झाकण हातात घेऊन नाकाशी धरलं आणि परत दिलं. त्या पहाटे तीन कॅन बाजूला निघाले.

साहेबांकडून बाहेर आल्यावर त्यांना मिस्त्री भेटले. हातातला पाना बदलत मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीन माझं नाही, तुमचं बिघडलं होतं."

"हो. तुम्हाला उगाच बोलणी बसली. चुकलं माझं."

"माझ्याला सुटे भाग तरी मिळतात. तुमचं कसं करायचं?" मिस्त्री हसले, मग हसू आवरून म्हणाले, "एकदा ते कुत्रं आणा इकडे. त्याच्यामुळे वाचलो. पाया पडायला हवं त्याच्या."

"पडा, पण पायमोजे काढून."

नाकाच्या डॉक्टरांनी आत सूज असल्याचं सांगितलं. औषध दिलं. वास परत येईल, पण पूर्वीसारखा येईलच असं नाही. नाकोबांचं काम गेलं नाही. साहेबांनी त्यांना दुधाचं तापमान बघायला आणि कॅन धुण्यावर लक्ष ठेवायला दिलं, ब्लीच मात्र मापाच्या पेल्याने. बाईंना ते झाकण कसं धरायचं, दोन कॅनच्या मध्ये नाकाला उसंत कशी द्यायची, ते दाखवतात. हावऱ्या बागेत अजूनही संधी साधतो. ती खोड मोडायला वेळ लागेल, तोवर पट्टा आखूड धरा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. नाकोबा आखूड धरतात आणि त्याला रागावत नाहीत. कोणालाच काही कळलं नव्हतं तेव्हा एकटा तोच शिंकला, असं ते मुलीला फोनवर दोनदा म्हणाले.

उद्या पहाटे चार वाजता हावऱ्याची ताटली नुसत्या गरम पाण्याने धुतली जाईल. चार चाळीसला पहिला ट्रक लागेल. झाकण बाई उचलतील, आणि नाकोबा शेजारी थर्मामीटर घेऊन उभे असतील.