बाळंतिणीच्या पावलांनी

आमच्या ऑफिसात सगळे तिला पुठ्ठाताई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. आम्ही नकाशे काढायचो आणि त्या नकाशांवरून ती पुठ्ठ्याची इमारत उभी करायची. कटरने कापलेल्या भिंती, काडेपेटीएवढ्या खोल्या, स्पंजचे तुकडे रंगवून केलेली झाडं. तिच्या टेबलापाशी गेलं की गोंदाचा वास यायचा आणि ती मान वर न करताच म्हणायची, "इथे शिंकू नका हं, छप्पर उडेल."

मग गिऱ्हाइकांना पुठ्ठा नकोसा झाला. त्यांना पडद्यावर फिल्म हवी झाली, दारातून आत शिरणारी, खोल्याखोल्यांतून फिरणारी. साहेबांनी, म्हणजे आमच्या आर्किटेक्टनी, एकदोन कामं बाहेरून करून घेतली. पण एक खिडकी सरकवायची म्हटलं तरी त्या लोकांच्या विनवण्या कराव्या लागायच्या. शेवटी एका सकाळी साहेब ताईच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, तुम्ही शिकाल का हे?"

"साहेब, माउस धरला की माझा हात कापतो."

"आणि कटर धरल्यावर?"

"तेव्हा हात पुठ्ठा कापतो."

साहेब हसले, पण नवा कॉम्प्युटर तिच्याच टेबलावर आला. माझं टेबल तिच्या शेजारचं, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

इमारत उभी करणं तिला लवकर जमलं. पडद्यावर एक चौकोन काढायचा, तो वर ओढला की भिंत तयार, याचं तिला लहान मुलासारखं कौतुक वाटे. "गोंद वाळायची वाट बघायला नको," असं ती मला दिवसातून एकदा तरी सांगायची. घोडं अडलं ते कॅमेऱ्यापाशी. पुठ्ठ्याच्या इमारतीभोवती माणूस आपापला फिरतो, त्याला फिरवावं लागत नाही. इथे मात्र कॅमेरा कुठे उभा राहील, कुठे बघेल, तिथून पुढे कुठे जाईल, हे सगळं तिनेच सांगायचं. एकेका जागी कॅमेरा उभा करून एकेक सीन ठेवायचा आणि दोन सीनच्या मधलं अंतर सॉफ्टवेअर आपलं आपण भरून काढणार.

पहिलंच काम होतं एका प्रसूतिगृहाचं. जुनी इमारत पाडून तिथे नवी बांधायची होती. नकाशे मंजूर झाले होते, समितीच्या सह्या झाल्या होत्या, फक्त देणगीदारांना दाखवायला फिल्म हवी होती. ताईने जीव ओतून ती केली. समितीच्या बैठकीत दिवे मालवले, फिल्म सुरू झाली, आणि काही क्षणांतच अध्यक्षांनी डोळ्यांवर हात घेतला. कॅमेरा हिसके खात चालला होता. दालनातून बाणासारखा सुटायचा, कोपऱ्यात येऊन घुटमळायचा, वळताना असा गर्रकन फिरायचा की भिंत अंगावर यायची. एकदा तर तो सरळ कपाटातून आरपार गेला. खजिनदारांनी पाणी मागितलं. तिथल्या मेट्रन, केस पांढरे झालेल्या, धिप्पाड बाई, खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मला बोट लागते तसं झालं हो."

पुढच्या बैठकीत सुधारून दाखवतो असं सांगून साहेबांनी वेळ मारून नेली. ऑफिसात परतल्यावर ताईने कॉम्प्युटरला हात लावला नाही. पुठ्ठ्याचा एक ताव काढला आणि उगाचच पट्ट्या कापत बसली.

"काय करताय?" मी विचारलं.

"मला येतं ते करतेय," ती म्हणाली.

तिचा नवरा शहर बसचा ड्रायव्हर. बोलायला मिश्कील, अंगाने आडवा. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती म्हणून ऑफिस सुटायच्या सुमाराला तो तिला न्यायला आला. ती आवराआवर करत होती, तेवढ्यात त्याची नजर पडद्यावर गेली.

"दाखव की तुझी ती फिल्म."

"नको हो. पुरे झाली शोभा."

"अगं, खड्ड्यांतून बस चालवून माझी हाडं खिळखिळी झालीत. तुझ्या फिल्मने आणखी काय होणार?"

तिने नाइलाजाने ती लावली. तो खुर्ची ओढून पुढे बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "ही तुझी बस दर खांबाला का थांबते?"

"थांबत नाही. तसं वाटतं."

"वाटत नाही, थांबते. ही बघ, थांबली. कोण चढलं?"

मी फसकन हसलो. ताईने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण लगेच सेटिंगच्या खिडक्या उघडून शोधू लागली. नवरा म्हणत होता ते खरं निघालं. प्रत्येक सीनवर क्षणभर थांबायचं, असं सॉफ्टवेअरने आपल्या मनानेच ठरवून ठेवलं होतं. तिने ते शून्यावर आणलं. हिसके निम्मे कमी झाले.

"आता बेफाम सुटलीस," नवरा म्हणाला. "मोठ्या खोलीत एवढी पळतेस आणि कोपऱ्यात गोगलगाय होतेस."

त्याचंही कारण तिला सापडलं. दालनात तिने दोन सीन लांब लांब ठेवले होते आणि कोपऱ्यात जवळ जवळ, पण वेळ सगळ्यांना सारखाच मिळत होता. सीन समान अंतरावर ठेवायला हवे होते. मग वळणांची पाळी आली. नवऱ्याने हवेतच स्टिअरिंग धरलं. "हे बघ. वळण यायच्या आधी माझे डोळे वळतात. मग चाक वळतं. तुझी गाडी आधी वळते आणि मग बघते. उभे प्रवासी माझ्या नावाने बोटं मोडतील अशाने."

तिने कॅमेऱ्याची वाट आणि कॅमेऱ्याची नजर वेगवेगळी करायला घेतली. नजर आधी दाराकडे, पावलं मागून. ती इतकी गुंगली की नवऱ्याने दोनदा घड्याळ दाखवलं तरी तिला पत्ता नव्हता. निघताना त्याने सहज विचारलं, "पण आत बसलंय कोण?"

"कशाच्या आत?"

"तुझ्या गाडीत. कॉलेजची पोरं असली तर मी वेगळी चालवतो, मांडीवर मूल घेतलेली बाई असली तर वेगळी."

ताईने पडद्यावरच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाळंतीण."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या ऑफिसच्या बोळात भिंतीला हात लावून हळूहळू चालताना दिसली. थोडी वाकलेली, पाय सावकाश उचलत. मला वाटलं कंबर धरली. मी धावत खुर्ची घेऊन गेलो. "बाजूला व्हा," ती म्हणाली, "माझी थोरली झाली तेव्हा मी कशी चालत होते ते आठवतेय." त्या चालीला किती वेळ लागतो ते तिने मोजलं आणि कॅमेऱ्याला तोच वेग दिला.

फिल्म तयार करायची म्हणजे कॉम्प्युटर एकेक चित्र रंगवत बसतो आणि ती हजारो चित्रं एकापाठोपाठ पळवली की चाल दिसते. पहिल्या खेपेला फरशी लुकलुकायला लागली. फरशी आणि तिच्यावरचा गालिचा नेमके एकाच पातळीवर होते, त्यामुळे वर कोण आणि खाली कोण ते कॉम्प्युटरला ठरवता येईना. ताईने गालिचा केसभर उचलला आणि लुकलुक बंद झाली. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता आणि त्या सॉकेटवर चहाची किटली लावायला आम्हाला सक्त मनाई होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी साहेबांनी फिल्म पाहिली. "वा! एक हिसका नाही," ते म्हणाले. "पण फार संथ आहे हो. लोक जांभया देतील. जरा पळवा."

"पळवायची तर सगळी चित्रं पुन्हा काढायला लागतील, साहेब. बैठक उद्या आहे."

साहेबांनी डोकं खाजवलं. "बरं, राहू दे. मी मधे मधे बोलत राहीन."

ते खरोखरच बोलले. उजेड कुठून येतो, भिंतींना रंग कुठला, खिडक्यांना जाळी कशी. कॅमेरा शेवटच्या खोलीतून बाहेर पडून लांब व्हरांड्याला लागला. साहेबांचं सांगून झालं, पण व्हरांडा संपेना. एक दार मागे पडलं, दुसरं पडलं. खजिनदार खाकरले. ताई माझ्या शेजारी बसली होती. तिने पदराचं टोक बोटाला इतकं आवळून गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं. आपली फिल्म पुन्हा फसली, अशीच तिची खात्री झाली होती. शेवटी कॅमेरा वळला, स्वच्छतागृहाचं दार आलं आणि फिल्म संपली.

"परत लावा," मेट्रन म्हणाल्या.

परत लावली. या वेळी साहेबही बोलले नाहीत.

"ही बाई निघाली कुठून?" मेट्रननी विचारलं.

"शेवटच्या खोलीतून," ताई म्हणाली.

"आणि टाके ताजे असले तर? एवढं चालायचं तिने? दर वेळी?"

अध्यक्ष चाचरले. "पण नकाशा तर आपण सगळ्यांनी पाहिला होता."

"मीही पाहिला आणि मीही सही केली," मेट्रन म्हणाल्या. "कागदावर ते बोटभर दिसत होतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता ते नियम आणि पाइपांची गणितं सांगतील. ते म्हणाले, "माझ्या लक्षात यायला हवं होतं. बदलतो मी. दोन खोल्यांच्या मधे एकेक स्वच्छतागृह देता येईल. पाइप फिरवावे लागतील, पण बसेल."

"आत्ताच कळलं ते बरं झालं," मेट्रन म्हणाल्या. मग ताईकडे वळल्या. "तुम्ही नर्स होतात का हो?"

"नाही," ताई गडबडून म्हणाली. "मी पुठ्ठे कापायची."

जिना उतरता उतरता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, म्हणजे माझं सगळं पुन्हा?"

"सगळं कशाला? थोडंसंच."

"भिंती हलल्या की दिवे हलणार, दिवे हलले की सावल्या हलणार, आणि चालायची वाटच बदलणार..."

"सगळं," साहेब म्हणाले. ताईने कपाळाला हात लावला, पण ती हसत होती.

इमारत बांधून झाली तेव्हा ती नवऱ्याला घेऊन उद्घाटनाला गेली. भाषणं चालू असतानाच हळूच उठली आणि व्हरांड्यात शिरली. एका तरुण नर्सने हटकलं, "कोण हवंय?" मागून मेट्रन आल्या आणि नर्सला म्हणाल्या, "फिरू दे त्यांना." ताई प्रत्येक खोलीत गेली, पलंगापासून दारापर्यंत चालून पाहिलं, नळ सोडून पाहिले, आणि एका खिडकीची कडी लागत नाही असं मेट्रनना सांगून आली.

आता ती पोहण्याच्या तलावाचं काम करतेय. इमारत झाली, वाट झाली, चाल तर लोण्यासारखी आहे, पण पाणी जमत नाही. कधी ते काचेसारखं निश्चल पडतं, कधी उकळायला लागल्यासारखं दिसतं. काल तिने मला बोलावलं.

"बघा बरं, यात उडी मारावीशी वाटते का?"

"नाही," मी खरं ते सांगितलं.

"मला पण नाही," ती म्हणाली. बाही मागे सारली आणि पाणी पुसून टाकून पुन्हा नव्याने भरायला घेतलं.