कूलरवर चढलेली होया

दिग्रसच्या उन्हात माणसं वाळून जातात, तिथे मी होया लावली. होया म्हणजे एक वेल. पानं जाड, गुळगुळीत, मेण चोपडल्यासारखी. एका लग्नात केरळहून आलेल्या पाहुणीच्या मोबाइलमध्ये तिच्या फुलांचा फोटो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. घरी गेल्यावर तिने कुरिअरने दोन पानांची काडी पाठवली. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आता घरीच असतात. खोकं उघडून म्हणाले, "याच्यासाठी केरळ? दोन पानं तं दारच्या पिंपळाचेबी भेटले असते!"

मी लक्ष दिलं नाही. बाहेर ठेवली तर दुपारपर्यंत तिचा पापड होणार, म्हणून कुंडी हॉलमध्ये कूलरच्या बाजूला ठेवली. या वेलीला ओलसर हवा लागते, आणि आमच्या घरात ओलसर हवा फक्त कूलरपाशी. आता हा कूलर म्हणजे यांचा जीव. स्वतः पत्रा आणून, ठोकून, हिरवा रंग मारून बनवलेला. त्याच्यावर कोणी पाण्याचा गिलास ठेवला तरी हे उठून उचलणार. मी म्हणायची, "पोरीले तरी एवढं जपलं का तुमी?"

चार वर्षं वेलीने पानांशिवाय काही दिलं नाही. यंदा उन्हाळ्याच्या तोंडी यांनी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या आणि वेलीला काय झालं कोणास ठाऊक, सुसाट सुटली. कूलरची एक बाजू भिंतीला, पाठ खिडकीला, समोर पंखा आणि सलग पत्रा. मोकळी अशी एकच बाजू, आणि नेमक्या तिच्यावरच बाईसाहेब चढल्या, ताटीच्या जाळीत शिरून घट्ट बसल्या. मी कौतुकाने पाहत राहिले. पुढे ही ताटी काढायची वेळ आली तर काय, हे फिटरच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

मे महिन्यात कळ्यांचा झुपका लागला. बारीक, गुलाबी, बटणासारख्या कळ्या. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवल्या, पण हात कोणाला लावू दिला नाही. या वेलीला जरा हलवलं की ती रुसते आणि सगळ्या कळ्या टाकून देते.

आणि त्याच आठवड्यात कूलरचा पंप जळाला!

नवा पंप हे लगेच घेऊन आले. पण जुना आत, टाकीत. तो काढायचा तर ताटी काढावी लागणार, आणि ताटी काढायची तर वेल कापावी लागणार. हे वाकून वाकून पाहत राहिले आणि कपाळावर हात मारला. "राहू द्या," मी म्हटलं, "फुलं होऊ द्या. पंख्यावर काढू." हे डोक्यावर ओला दुपट्टा बांधून बसू लागले. एका दुपारी अंघोळीहून येताना भोवळ आली आणि भिंतीला टेकले. बीपीचा माणूस.

"कापा ते वेल," मी म्हटलं.

"अन् कळ्या?"

"चुलीत जाऊ द्या कळ्या! कापा म्हणते ना!"

हे कात्री शोधायला उठले. मी स्वयंपाकघरात गेले आणि तो आवाज कानावर पडू नये म्हणून मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकून उगाच फिरवत बसले. रडू येत होतं. वेलीसाठी रडते म्हणून स्वतःचा रागही येत होता. शेंगदाण्यांचं पीठ होऊन त्याला तेल सुटलं, तेव्हा कुठे मिक्सर बंद केला. बाहेर कूलर चालू झाला होता.

येऊन पाहते तर झुपका जागच्या जागी! एक कळी गळाली नव्हती. आणि कूलरच्या दर्शनी अंगाला, पंख्याच्या खाली, ताटाएवढं भोक. हिरव्या पत्र्याचा वाकडातिकडा तुकडा जमिनीवर पडलेला, शेजारी जळका पंप, आणि हे पत्रा कापायची कात्री पुसत बसलेले.

"अगं बाई! कूलर कापला तुमी?"

"मंग काय करू?" मान वर न करता म्हणाले. "पत्र्याले ठिगळ मारता येते. तुह्या कळ्यायले कुठून मारू?"

मी त्यांच्या बाजूला जाऊन नुसती बसले.

फुलं आठवड्याभरात उमलली. सगळी गल्ली पाहायला आली. आलेल्या प्रत्येकाला हे फुलांच्या आधी ते भोक दाखवत होते, आणि मी दाखवू देत होते.