साऱ्या गावाची पोरगी

उंद्रीच्या पंजाबराव पेंटरला चेहरा काही काढता येत नव्हता. नाक काढायला जावं तर बटाटा व्हायचा! पण गड्यानं त्यावर तोड काढली. जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये आकृती कापायची, ती फिल्म भिंतीला धरायची अन् वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा. झाला बैल, झाला मास्तर! शाळा, दवाखाना, संडास, जिकडं पाहाल तिकडं त्याचीच काळी माणसं.

त्यातली दप्तरवाली, दोन वेण्यांची पोरगी म्हणजे त्याची रेणुका. ती तिसरीत असताना त्यानं तिला उन्हात भिंतीपाशी उभं केलं, सावलीभोवती खडू फिरवला अन् त्यावरून फिल्म कापली. भिंतीवर ‘मुलगी शिकवा’ लिहिलं की खाली रेणुका ठरलेली. चेहरा काऊन नाही, असं कुणी विचारलं तर ऐटीत सांगायचा, "चेहरा काढला त एकाचीच पोरगी होते. काळी ठेवली का साऱ्या गावाची!"

रेणुका शिकली, मोठी झाली अन् बापाला न विचारता लग्न करून जालन्याला गेली. पंजाबरावाचं डोकंच फिरलं. "तिचं तोंड पाह्यचं नाही मले!" म्हणत त्यानं घरातला तिचा एकूण एक फोटो चुलीत घातला, मोबाइलमधले पुसले. त्याची बायको भिमाबाई पाय धरून रडली, पण ऐकतो कोण? फिल्म तेवढी ठेवली, कारण तिच्यावर पोट चालायचं.

दोन वर्षांनी रेणुका बाळंतपणात गेली, लेकरासकट. निरोप येईतोवर मातीही उरकली होती.

पोरीच्या पुण्यानुमोदनाला बुद्धापुढं ठेवायला तिचा फोटो पाहिजे म्हणून पंजाबरावानं जावयाला पहिल्यांदाच फोन लावला.

"जिती होती तवा तोंड बघायचं नव्हतं तुम्हाला," जावई म्हणाला. "आता कशाला पाहिजे?" अन् त्यानं फोन ठेवून दिला.

शेवटी पंजाबरावानं पांढऱ्या पुठ्ठ्यावर तीच फिल्म ठेवली. वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवला. ओला पुठ्ठा त्यानं बुद्धाच्या मूर्तीपुढं उभा केला, हार घातला, मेणबत्ती लावली.

भिमाबाई पुढं सरकली. डोळे असते तिथं तिनं बोट फिरवलं, ओठ असते तिथं फिरवलं. बोट काळं झालं.

"हे त साऱ्या गावाची हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "माही कुठी हाय?"