तांदळातलं नाव

माझ्या भाच्याची बायको तुर्कस्तानची, नाव नीलुफर. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची आमच्याकडे रीत. भाच्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, ‘मीनल’ ठरवून ठेवलं होतं. भाचा अंगठी धरून थांबला. “आई, नीलुफर म्हणजे कमळ. आपलं नीलोत्पलच इराणमार्गे तिकडे गेलंय.”

मला वाटलं, नावं तरी किती चालतात! वाटेत उच्चार झिजतो, पण हातातलं फूल काही सुटत नाही.

“अगंबाई, आपल्याकडचंच की हे! मग तेच लिही,” ताई म्हणाली.

तांदळात सावकाश अक्षरं उमटली. पोरगी सासरी आली होती आणि तिचं नाव माहेरी.