दुसऱ्या ट्रॅकवरचा भाऊ

डिस्कवाल्याचं दुकान म्हणजे तीन संगणक आणि गिऱ्हाइकाला बसायला एक डुगडुगती खुर्ची. लोक जुन्या डीव्हीडी आणायचे. तो त्यांतले सिनेमे काढून, आकाराने आटवून पेन ड्राइव्हवर भरून द्यायचा. चित्राच्या बाबतीत माणूस चोखंदळ, आवाजाला मात्र हात आखडता. डिस्कवर आवाजाचे ट्रॅक कितीही असोत, घ्यायचा पहिलाच, तोही दोन चॅनेल आणि शहाण्णव किलोबिटवर आटवून, हे ठरलेलं. बायको म्हणायची, "अहो, आवाज पत्र्यासारखा येतोय." त्यावर याचं उत्तर तयार, "लोक सिनेमा बघतात गं, ऐकतंय कोण?"

एका सकाळी शेजारणीचा हात धरून एक निवृत्त शिक्षिका आल्या. दोन्ही डोळ्यांनी अंध. पिशवीत एकतीस डिस्क.

"धाकट्या भावाच्या आहेत. गेल्या वर्षी गेला तो. आता डिस्क अडकायला लागल्यात. चित्राचं कसंही करा, आवाज तेवढा नीट घ्या."

"बाई, निर्धास्त राहा," तो म्हणाला, आणि नेहमीची बटणं दाबून मोकळा झाला.

काम नेल्यावर तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या, पिशवीसकट. आवाज चढवला नाही, तेच त्याला जड गेलं.

"सिनेमे आहेत. माझा भाऊ कुठे आहे?"

त्याने पेन ड्राइव्ह लावून बघितला, सिनेमे एकतीसच्या एकतीस होते. शेवटी शेजारणीने उलगडून सांगितलं. हा भाऊ प्रत्येक सिनेमा आधी दोनदा बघायचा, मग माइक घेऊन बसायचा आणि पडद्यावर काय चाललंय ते बहिणीसाठी बोलत जायचा. ते बोलणं त्याने प्रत्येक डिस्कवर दुसरा ट्रॅक म्हणून चढवलं होतं.

डिस्कवाल्याने एक डिस्क घातली, दुसरा ट्रॅक लावला. घोगरा आवाज आला, "ताई, तो दारात उभा आहे. छत्री मिटलीये, पण आत येत नाही. शर्टाचं वरचं बटण तुटलंय, हे आपलं उगीच सांगतो."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळं काम त्याने पुन्हा हाती घेतलं. बाईंना खुर्चीत बसवून एकच तुकडा वेगवेगळ्या बिटरेटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त आटवून, ऐकवला. शहाण्णववर त्या म्हणाल्या, "विहिरीतून बोलतोय." एकशे अठ्ठावीसवर मान हलली, पण नकारार्थीच. एकशे ब्याण्णववर त्या सावरून बसल्या.

"हं. हा खोकला त्याचाच."

मग त्याने भावाचा ट्रॅक पहिला ठेवला, म्हणजे बाईंच्या प्लेअरवर आपोआप तोच लागेल. सिनेमाचा मूळ आवाज त्याच्या मागे. फायली जड झाल्या, होऊ दे म्हणाला.

तीस डिस्क पार पडल्या. एकतिसावी मात्र निम्म्यावर अडकली ती अडकलीच. पुसून झाली, दुसऱ्या मशीनवर घालून झाली. दोन दिवस खटपट करून त्याने हात टेकले. खोटं बोलणं सोपं होतं. डिस्क जुनीच होती. तो बाईंच्या घरी गेला.

"बाई, पहिल्या वेळी ही शेवटपर्यंत चालली होती. तेव्हाच दोन्ही ट्रॅक घेतले असते, तर हाती राहिलं असतं. चूक माझी."

बाईंनी विचारलं,

"कुठे तुटलं?"

"ती जिना उतरतेय तिथे."

"पुढे ती पत्र फाडते. तिथे तो काहीच बोलला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, ताई, मला ते बघवत नाही." त्यांनी पदर सारखा केला. "पण त्याच्यापुढे पाऊण तास बोलला होता."

'असू द्या' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. तो निघाला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "खरं सांगितलंत, ते बरं केलंत."

तेव्हापासून डिस्कवाला आधी सगळे ट्रॅक कानाला लावतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "यात कोणाचा आवाज आहे?" काही जण हसतात, "हिरोचा, आणखी कोणाचा?" कामाला वेळ लागतो म्हणून दोन-चार गिऱ्हाइकं तुटलीही. बाई मात्र काम नसतानाही अधूनमधून येऊन बसतात, भावाच्या गमती सांगतात. त्या अर्ध्या डिस्कचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नाही.