पाणी पिऊन गेलेला पाहुणा

गांजा वाईट, हे मला कुणी शिकवू नये. माझ्या सख्ख्या चुलत्यानं त्याच्यापायी बैल घालवले, बायको घालवली आणि मठाच्या ओट्यावर खोकून खोकून जीव सोडला. तेव्हा मी गांजाची वकिली करायला बसलेले नाही. ज्या पोरानं जन्मात बिडी ओढली नाही, त्याच्याकडून गांजा कुणी आणवला आणि कशासाठी, एवढंच मला सांगायचंय. ऐकून कुणाला राग आला तर येऊ द्या. मला तर तो रोज येतो.

ते पोरगं म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमचं गाव नळदुर्गाजवळ, हैदराबादच्या सडकेपासून थोडं आत. पावसानं पाठ फिरवलेली ती सालं. आमच्याकडच्या कारखान्यालाच ऊस मिळेना, म्हणून बाप टोळीबरोबर ऊस तोडायला पार कृष्णाकाठाला गेलेला. आई आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडायचो. माझी शाळा सातवीतच सुटली होती, आणि ती भावाची सुटू नये म्हणून सुटली होती. पुढं अंगणवाडीत लागल्यावर मी बाहेरून परीक्षा दिल्या, पण तेव्हा घरात शिकणारा तो एकटाच. उस्मानाबादला कॉलेजात होता, बोर्डिंगात राहायचा. तो मास्तर होणार हे आमच्या वाड्यानं, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीनं, धरूनच ठेवलं होतं. आमच्या घरातला पहिला पगार त्याचा येणार होता.

दुष्काळात बोर्डिंगचं अनुदान रखडलं आणि तिथली चूल बंद पडली. मग आम्ही एस.टी.नं डबा पाठवायला लागलो. सकाळच्या गाडीला फडक्यात बांधलेला डबा द्यायचा, कंडक्टर तो ड्रायव्हरच्या मागं ठेवायचा, आणि उस्मानाबादच्या स्टँडावर पोरं वाट बघत उभी असायची. अर्ध्या जिल्ह्याची पोरं अशी शिकली. कुणाच्या डब्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. ड्रायव्हर उपाशी असला तरी नाही.

त्या वर्षी भावाच्या वर्गात एक थोराड माणूस आला. नापास होऊन परत बसतोय म्हणायचा. दाट मिशा, मनगटावर घड्याळ, बुडाखाली सायकल. माझा भाऊ बोलताना अडखळायचा, पोरं हसायची, म्हणून तो बोलायचाच बंद झाला होता. त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही. तोतरा म्हणून बसत नव्हते की वाड्यातला म्हणून, ते ज्याचं त्याला ठाऊक. हा माणूस मात्र सगळे बाक सोडून त्याच्याशेजारी बसला. त्याच्या डब्यातली भाकरी मोडून खाऊ लागला, तो अडखळला की थांबून ऐकू लागला. भाऊ घरी आला की त्याच्याशिवाय दुसरी गोष्ट नाही. आई म्हणायची, 'येकदा घिऊन ये की रं त्येला.'

आणि एका रविवारी तो आला.

आता आमच्या दारात बाहेरचा माणूस आला की काय व्हायचं ते सांगते. आम्ही धर्म बदलला त्याला तोवर किती वर्षं लोटली होती, घरात देवांच्या जागी तसबिरी आल्या होत्या, पण गाव तेच. शाळेचा मास्तर असो, ग्रामसेवक असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, पाणी पुढं केलं की म्हणायचा, 'आत्ताच पिऊन आलो.' अख्ख्या तालुक्याची तहान नेमकी आमच्या दारात येण्याआधीच भागलेली असायची! ह्यानं मात्र आत येऊन तांब्या मागून घेतला आणि तोंड लावून घटाघटा पाणी प्याला. मग भावाच्या ताटात जेवला. हुलग्याचं माडगं आणि कालची भाकरी, दुसरं घरात होतंच काय? बोटं चाटून म्हणाला, 'काकू, असं आमच्या घरी न्हाय मिळत.'

आईनं मला चुलीपाशी बोलावलं. डोळ्यांत पाणी. म्हणाली, 'ज्यानं आपलं पाणी पिलं त्यो आपला झाला बग. आता त्येला कशाला न्हाय म्हणायचं न्हाय.'

हीच आमची चूक. दुसऱ्या कुणी ती केली नसती, कारण दुसऱ्या कुणाला पाण्याच्या तांब्यावरून माणूस ओळखायची वेळच आली नव्हती. ती पारख आम्हाला गावानंच शिकवली होती. तिचाच फास करून कुणी आमच्या गळ्यात घालील, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

त्यानंतर त्यानं भावाजवळ मागणं काढलं. आपल्या आईच्या पोटात गाठ आहे, रातदिवस ओरडते, डॉक्टरांनी हात टेकले, एका वैदूनं चिमूटभर गांजा दुधातून द्यायला सांगितलाय. तुमच्याकडं मठात मिळतो म्हणे, आणशील का? भाऊ नाही म्हणाला. अडखळत का होईना, पण स्पष्ट नाही म्हणाला. त्यानं परत मागितलं, परत नाही. मग तो गडी डब्यावर येईनासा झाला. वर्गात लांब जाऊन बसायला लागला. एक दिवस भावापुढं ढसाढसा रडला म्हणे. मेल्याला रडण्याचाही पगार मिळत होता, हे आम्हाला कुठं माहीत!

भाऊ घरी आला आणि त्यानं आईला सगळं सांगितलं. मी म्हणाले, 'आपल्याला काय करायचंय? मोठ्या घरची माणसं हाईत, सोलापूरला नेऊ द्या की.'

आई माझ्यावर कडाडली. 'पोट धरून माणूस वरडतंय, आन् तू घर मोठं का ल्हान बगतीस व्हय गं? माय हाय ती त्येची.' आणि भावाला म्हणाली, 'म्या डब्यातनं धाडते, सांग जा त्येला.'

देव सोडल्यापासून आई मठाच्या पायरीला गेली नव्हती. नवस नाही, अंगारा नाही, तिकडची वाटसुद्धा नाही. त्या पोराच्या आईसाठी ती गेली. पायऱ्यांखाली उभी राहून बुवाला हात जोडले. वर चिलीम चालू होती. गावातली चार मोठी माणसं होती आणि त्यांच्यात आमच्या बीटाचा पोलीस जमादार टोपी मांडीवर काढून झुरके मारत बसला होता. बुवानं हसत हसत कागदाची पुडी खाली टाकली. आईनं ती उचलली, घरी आणली, भाकरीखाली ठेवली आणि सकाळच्या गाडीला डबा दिला. डबा गाडीपर्यंत मीच नेला.

स्टँडावर तो मित्र आधीच येऊन उभा होता. भावानं डबा सोडला, म्हणाला, 'ही घे.' तर हा म्हणतो, 'दुसऱ्याच्या डब्यात कसा हात घालू? तूच हातात दे.' अरे वा रे वा! महिनोन्‌महिने त्याच डब्यात कोपरापर्यंत हात घालून खात होता! भावानं पुडी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं दहाची नोट भावाच्या खिशात कोंबली, 'काकूला दे' म्हणाला. भाऊ ती परत काढेपर्यंत चहाच्या गाड्यावरून साध्या कपड्यातले दोघं उठले आणि त्यांनी भावाची मानगूट धरली. पंचनाम्याचे पंचसुद्धा तिथंच चहा पीत तयार बसलेले. मित्र पोलीस होता. कॉलेजात त्याला त्याच कामावर घातलं होतं.

आम्ही ठाण्यावर पोचलो तेव्हा आईच्या पदराला खडीची धूळ तशीच होती. ती थेट फौजदाराच्या टेबलापुढं गेली. 'सायेब, म्या दिलंय ते. मठातनं म्या आनलं, म्या डब्यात ठिवलं. माझ्या हाताला बेड्या घाला.'

फौजदार म्हणाला, 'बाई, घरी जा.'

कोठडीतून भावानं ऐकलं आणि ओरडला, 'आक्का, तिला घिऊन जा! तिला कायबी ठावं न्हाय. म्या इकत आनलं, म्या इकलं!' एकदासुद्धा अडखळला नाही. जन्मात पहिल्यांदा तो सलग बोलला, आणि बोलला ते सगळं खोटं.

एवढ्यात आतल्या खोलीतून तो मित्र बाहेर आला. अंगावर खाकी. मला वाटलं आई आता त्याच्या अंगावर धावून जाईल. आई त्याच्याजवळ गेली आणि हळूच विचारलं, 'बाबा, तुज्या आईला उतार पडला का रं?'

मी आईच्या तोंडाकडं बघितलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो परत आत गेला.

एका म्हाताऱ्या पोलिसाला आमची कीव आली. बाहेर लिंबाखाली आईला चहा पाजत तो म्हणाला, 'माय, कायदा नवा आलाय, वरून केसा मागत्यात. कॉलेजातली केस पायजे व्हती. मोठ्याच्या पोराला धरलं तर दुसऱ्या घटकेला फोन येतोय. ज्याच्यामागं कुणीच यायचं न्हाय असं पोरगं हुडकायला सांगितलं व्हतं.' मी विचारलं, 'आणि सडकेनं ट्रक भरून जातंय ते?' तो रिकामी कपबशी परत द्यायला उठून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर फाशी द्यायला संन्यासीसुद्धा ह्यांनीच घडवला होता.

पेपरात छापून आलं, कॉलेजात गांजा विकणारा विद्यार्थी पकडला. बोर्डिंगनं त्याचं नाव काढलं. ज्या वाड्यानं त्याला मास्तर म्हणून धरून ठेवलं होतं, त्याच वाड्यातले काहीजण आम्हाला बघून वाट बदलू लागले. परीक्षा तोंडावर होती. ती झाली आणि तो आतच होता, जामीनच मिळेना.

आमच्या समाजातल्या एका वकिलानं फी न घेता काम बघितलं. कोर्टात त्यानं त्या पोलिसाला विचारलं, 'गांजा हवा ही इच्छा कुणाची होती? ह्या पोराची की तुमची?' तो म्हणाला, आरोपी नेहमी विकतो अशी खबर होती. वकिलानं विचारलं, 'तुम्ही ह्यांच्या घरी जाऊन जेवलात की नाही?'

तो साक्षीच्या पिंजऱ्यात ताठ उभा होता. म्हणाला, 'नाही. मी त्या वस्तीत कधी गेलेलोच नाही. त्यांच्याकडं पाणी पिण्याचा तर प्रश्नच येत नाही.'

कोर्टातली दोघंतिघं हसली. सगळ्यांना पटलं! ह्याच्यासारखा माणूस ह्यांच्या घरी पाणी पिईल कशाला? आमचं खरं होतं, पण ते कुणाला खरं वाटण्यासारखं नव्हतं. त्याचं खोटं होतं, पण ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजाला धरून होतं. आई जागेवरून उठली, 'आमच्या ताटात जेवलास की रं!' शिपायानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. खिशात नोट होती, हातातून पुडी दिलेली होती, पंचांच्या सह्या होत्या. सजा झाली. किती वर्षांची ते मी सांगत नाही. ज्यांनी दिली त्यांना माझ्याकडून हिशेब नको.

मला लोक सांगतात, पोलिसांना वेष बदलून काम करावंच लागतं. करा की! साखळी धरा, ट्रक धरा, मठावर चढा. तिथं तर वेष बदलायचीही गरज नव्हती, तुमचाच जमादार बसलेला होता. पण ज्याच्या मनात गुन्हा नाही त्याच्या मनातली दया शोधायची, तिला फुंकर घालायची, आणि ती बाहेर आली की बेड्या ठोकायच्या, ह्याला पोलिसी म्हणायचं असेल तर मग केसानं गळा कापणं कशाला म्हणायचं? त्या माणसाला पुढं बढती मिळाली म्हणतात. मिळू दे. त्याचं वाटोळं व्हावं असं मला वाटतं, आणि तसं वाटतं म्हणून मला लाजही वाटत नाही.

भाऊ सुटून आला तो अर्धा होऊन. मास्तरकीचा विषयच संपला होता. चालचलणुकीचा दाखला कोण देणार? सडकेच्या एका धाब्यावर भांडी विसळायला लागला. बोलणं पहिल्यासारखंच बंद. पण एक नवीनच खोड लागली होती. तो कुणाच्या हातात काही द्यायचा नाही. कुणी काडेपेटी मागितली की जमिनीवर ठेवायचा, मागं सरकायचा आणि म्हणायचा, 'घ्या.' गिऱ्हाईकाला ताट द्यायचं तर बाजेवर ठेवायचा. मालक चिडायचा, मारायलाही उठायचा. काही उपयोग नाही.

आमच्या आज्याला गाव असंच द्यायचं. लांबून ठेवायचं, मागं सरकायचं, 'उचल' म्हणायचं. बापानं ते बंद पाडलं होतं, त्यासाठी मारही खाल्ला होता. धाब्यावर भावाला पहिल्यांदा तसं करताना बघितलं, तेव्हा बाप तिथून उठून गेला, तो संध्याकाळपर्यंत घरी आला नाही.

आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होती. दुपारची वेळ, मी तिचे पाय चेपत होते. तिनं भावाला पाणी मागितलं. त्यानं माठातून तांब्या भरला, आणला, आणि तिच्या उशाशी जमिनीवर ठेवून मागं सरकला.

'हातात दे की रं लेकरा,' आई म्हणाली. 'म्या हाय.'

तो वाकला. हात तांब्यापर्यंत नेला. तांब्याला बोटं लागली, पाणी हिंदकळून भुईवर सांडलं, आणि त्यानं हात मागं घेतला. 'घे, आई,' म्हणाला. आई त्याच्याकडं बघत राहिली. मग मीच उठले आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला.